मंगळवारचा विस्तव

हॅलो? … लमीस? पोचलीस? … थांब, थांब. सालिहा, तो टीव्ही बंद कर! माझी नात आमच्या जुन्या गावात उभी आहे! … हां, बोल. … हळू बोल गं, अरबी ऐकू जाईल कुणाला. सिडनीचा पासपोर्ट आहे ना जवळ? … हं. मला सीमेवरूनच परत पाठवतात, तुला हसून शिक्का मारतात.

… काय दिसतंय? … पाइन? आमच्याकडे कुठला पाइन! आम्हाला परत येऊ दिलं नाही, त्यानंतर लावलेत ते. … बाकडी? लोक मांस भाजतायत? … भाजू देत. तू विहीर बघ.

… सिमेंटनं बुजवलीय? … बरं. … असू दे. तिच्याकडे पाठ कर. निवडुंगाचं कुंपण उजव्या हाताला ठेव. … आहे ना? जाळलं तरी उगवतं ते. आता चाळीस पावलं चाल. … अगं, अगं, थांब! चाळीस माझी होती, आठ वर्षांची होते मी. तू वीसच टाक. … हसतेस काय? ढांगा टाकतेस तू, आजोबांसारख्या.

… दगडच असणार. घरं होती ती. तू गोल दगड शोध. ओढ्यातले गोटे, अक्रोडाएवढे. त्या डोंगरावर तसे नसतात, आईनं खालून टोपलीनं वाहून आणलेले. ताबूनच्या तळाशी अंथरायला. … ताबून गं, मातीची भट्टी! गोट्यांवर भाकरी टाकायची, तिला खालून खळगे पडायचे. … तुझ्या दुकानातली? ती भाकरी आहे? रुमाल आहे तो.

… किती? … एका अंगानं काळे आहेत? … वास घे. … नसेल येत. इतक्या वर्षांनी कसा येईल.

… हो, तेच. … आता तिथून बाहेर, दोन पावलं. जात्याचा वरचा दगड असेल, मध्ये भोक पडलेला. काकानं ठेवलेला. पाला बाजूला कर. … सावकाश.

… … आहे? … हं. … हो. माझी बहीण तिथेच आहे, रस्मिया. कब्रस्तानापर्यंत नेता आलं नाही काकाला. … मी ठीक आहे. बसलेच आहे मी.

… तुझ्या बाबानं काय सांगितलंय तुला, ती कुठल्या वारी गेली? … बुधवार. … हो, मीच सांगितलं त्याला तसं. सगळ्यांनाच सांगितलं.

… अगं, चार घरांत एक ताबून. विस्तव विझू द्यायचा नाही. लेंड्या, भुसा वरून रचायचा, राखेनं झाकायचं, दिवसभर धुमसत राहतं. मंगळवारची पाळी माझी, बुधवारची रस्मियाची. … बारा वर्षांची. … रविवारी तोफगोळे पडायला लागले आणि आम्ही निघालो. जाताना आईनं दोन दिवसांचं इंधन रचलं. दोनच! परत येणारच होतो ना. … समोरच्या टेकडीवर थांबलो, जैतुनाच्या झाडांखाली. तिथून धूर दिसायचा आमचा. मग तो बारीक होत गेला. आई म्हणाली, विझला तर शेजारणी काय म्हणतील. … हो गं, खरंच असं म्हणाली. गाव रिकामं पडलेलं, आणि हिला शेजारणींची लाज.

… रस्मियाच गेली. टोपली डोक्यावर घेऊन. … गोळीचा एकच आवाज आला.

… लमीस, ऐक. फोन त्या दगडावर ठेव. … ठेव ना. आवाज मोठा होतो ना त्याचा? … मग कर, आणि जरा लांब जा.

… …

रस्मिया. … मी आहे. … आई मला जा म्हणाली होती. … माझं पोट दुखत नव्हतं गं. मला भीती वाटत होती. … तू टोपली उचललीस तेव्हासुद्धा मी पोट धरूनच बसले होते. … तो मंगळवार होता.

… …

लमीस? … ऐकलंस? … बरं. ऐकलंस तर ऐकलंस. … रडू नकोस. फातिहा म्हण आणि नीघ. … गोटा नको आणूस. तिच्यापाशी राहू दे.

… काय? … कसली गाडी? … गणवेश आहे अंगावर? … किती जण? … लमीस, नीघ तिथून. … अगं, पिशवी सोड! … नाही, पळू नकोस. पळू नकोस! ती पळाली होती, मी बघत होते. चालत ये. हात दिसू देत त्यांना. … काय म्हणतायत? … लमीस? … हॅलो? …

हॅलो?

… सालिहा! इकडे ये. हे पुन्हा लावून दे मला, लवकर. … अगं, लाव ना! … मीच पाठवलंय तिला.