क्लाइव्हचं नवं यंत्र

नॉरिचला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर हेझलबाई आणि त्यांची मैत्रीण विनी बसल्या होत्या.

“तुझ्या क्लाइव्हचं धातू शोधायचं नवं यंत्र कसं चाललंय गं, हेझल?”

“पहिल्याच दिवशी सोनं सापडलं.”

“रोमन नाणं?”

“त्याचीच लग्नातली अंगठी. आत माझं नाव कोरलेली.”

“ती तर समुद्रात पोहताना हरवली होती ना?”

“मलाही त्यानं तसंच सांगितलं होतं. निघाली शेजारच्या डॉरीनच्या गुलाबांखाली.”

“अगं बाई. तुला कळलं कसं?”

“स्वतःच नाचत दाखवायला आला. कुठे सापडली ते सांगून झाल्यावर चेहरा उतरला.”

“मग?”

“त्याचे कपडे बॅगेत भरले, वर यंत्र ठेवलं. म्हटलं, जा तिच्याकडेच. अजून काय काय पुरलंय तेही शोधून काढ.”