चौथा खांब

शिवकुमार : वरनं दाब, मल्लेश! खांब भिंतीपासनं सुटतोय.

मल्लेश : दाबलाय, दाजी.

शिवकुमार : गम धरूपतूर हलायचं न्हाय. वीस मिनटं. डॉक्टरसायबांना त्यांच्या घरच्या थेटरात पुढनं एक स्क्रू दिसायला नको. हात निसटला की खांब बी गेला, आतली लायटिंग बी गेली.

मल्लेश : म्हायती हाय. म्हणूनच आत्ता बोलतो. एरवी विषय काढला की तुमी गाडी काढून निघून जाता.

शिवकुमार : कसला विषय?

मल्लेश : अक्का काल वळसंगला म्हायेरी, अव्वाकडं आली.

शिवकुमार : रुसली आसंल. तुझी बहीण हायच तसली. सोमवारी जाऊन घिऊन येतो.

मल्लेश : ती येणार न्हाय.

शिवकुमार : कोण म्हणतंय? ती का तू?

मल्लेश : दोघं बी.

शिवकुमार : हात मोकळा आसता ना माझा...

मल्लेश : व्हय. त्योच हात. दंडावर वळ हायत तिच्या. पंचमीला बी बघितले हुते मी. ती म्हणली, कपाटाचं दार लागलं. आन् मी तुमच्यासंगं प्लायची मापं बोलत बसलो.

शिवकुमार : हळू बोल. घरात माणसं हायत.

मल्लेश : आवाज भाईर जाऊ नये म्हणूनच थेटर बांधतोय की आपण. तुमच्या घरातला जातो भाईर. शेजारच्या मुक्ताबाईनं अव्वाला सगळं सांगितलं.

पूनम : (डॉक्टरांची बायको, दार ढकलून) अय्या, किती सुंदर दिसतोय! अगदी थिएटरातल्यासारखा. चहा टाकू का तुम्हाला?

शिवकुमार : कशाला तरास, ताई? तुमी बसा निवांत. एवढं चिकटलं की झालंच.

पूनम : बरं, झालं की सांगा. हे दार ओढून घेते, एसी चालू आहे.

मल्लेश : गेल्या त्या. दाजी, अक्काशी कधी बोललात आसं गोड?

शिवकुमार : लई शाना झालास. करवत कुणी धरायला शिकवली तुला? आठ वर्सं कुणाच्या जिवावर खातोस?

मल्लेश : तुमच्या. म्हणून तर आठ वर्सं गप बसलो. तुमाला बोललो तर काम जाईल, आन् राग तिच्यावर निघंल. दोन्हीकडनं मीच अडकलो, आसं वाटायचं मला. अडकली हुती ती.

शिवकुमार : मग आता जाशील कुटं? सोलापुरात तुला कोण काम देतंय, बघतोच मी.

मल्लेश : म्हायती न्हाय कुटं जाईन. भ्या वाटतंय मला. तुमचं बी, ह्या उद्याच्या दिवसाचं बी. पर चार खांबांचं काम कबूल केलं हुतं, ते झालं. उद्यापासनं मी येणार न्हाय.

शिवकुमार : आन् मी वळसंगला आलो तर?

मल्लेश : या. दारात मी आसीन.

शिवकुमार : वीस मिनटं झाली. बघ, धरला का.

मल्लेश : धरला गम. सोडा हात.

शिवकुमार : मल्लेश.

मल्लेश : काय?

शिवकुमार : काय म्हणली ती? माझ्याबद्दल?

मल्लेश : काय बी न्हाय. दुपारी भाकरी खाल्ली आन् झोपली. दिवे लागले तरी झोपलीच हुती. अव्वानं कुणालाच तिला हाक मारू दिली न्हाय.