निळी वायर

शाळा सुटल्यावर सुहासिनीबाई धाडच्या स्टँडवर बुलढाण्याच्या एसटीची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर शकूरभाई, त्यांची बायको नूरजहां आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारा उद्धव गावाकडच्या जीपसाठी थांबले होते.

"घरचे, शेतीचे सारे व्हिडिओ त्या सर्व्हरच्या डब्ब्यात भरून ठेवले, अन् आता टीव्ही म्हन्ते, सर्व्हर सापडत नाही."

"डब्ब्याचा लाइट लागते काय, शकूरभाई?" उद्धवनं विचारलं.

"हाव, लागते."

"राउटर?"

"चालू हाय. मोबाइलवर नेट येते."

"पासवर्ड बदलला काय कोनी?"

"मले जुनाच आठवत नाही, बदलू कसा?"

"मंग डब्ब्यातून राउटरमंधी जाते, ते निळी वायर पाह्यली?"

"वायर?"

"वायर माह्याजोळ हाय," नूरजहां पिशवी मांडीवर घेत म्हणाली.

"काऊन काढली, भाभी?"

"पंधरा दिवसांपासून हे बोंडअळीचे व्हिडिओ पाहून राह्यले, अन् तिकडं अळी बीटी कपाशी खाऊन राह्यली. आज बाजारातून अळीचे पतंग धरनारे कामगंध सापळे घेतले. ते वावरात लागले, की वायर देते."

सुहासिनीबाईंची एसटी आली, पण त्या उठल्या नाहीत.

"वायर तुमच्याजोळच होती, तर मले कशाले बोलावलं, भाभी?"

"सापळे बांध्याले दोन मानसं लागतात."