बाबलीच्या गाडीतलं पाणी

कट्टा गावच्या एसटी थांब्यावर दोघी बोलत होत्या.

“सत्यवती, सासू कशी आसा गो?”

“आता बरी आसा. परवा माझो दीर बाबली तिका इस्पितळात घेवन गेलो. घरी बांधलेल्या त्या गाडीतून!”

“मोडक्या मोटारीचा इंजिन घातल्यान, तीच?”

“तीच. बॉनेट बुटका, म्हणान रेडिएटर ल्हान बसवल्यान. अर्ध्या वाटेर पाणी उकळान सगळा भायर!”

“अरे देवा! मगे?”

“इंजिन निवला, पण ओतूक पाणी खंय? सासूच्या तोंडात घालूक घेतलेली गडव्यातली गंगा तेवढी होती.”

“ती ओतल्यात?”

“आमी हात लावूक धजलंव नाय. तिनाच गडव्याचा झाकण फोडल्यान.”

“शिव शिव! मरतेवेळचा पाणी!”

“म्हणाली, ‘ओत रे बाबली. माका आज मराचा नाय.’”