ल्युडेकेचा राग टिकू दे

...नाही, मला सांगा, जी वस्तू हरवणारच नाही म्हणून सांगितली तीच हरवली तर दाद कुणाकडे मागायची? मालकाकडे? मालकच नाही ना! तीच तर खरी गंमत, असं आमचा थोर्बेन म्हणतो. थोर्बेन म्हणजे आमच्या बागवसाहतीतला, शहरवाल्यांनी भाड्यानं घेतलेल्या चिमुकल्या बागा असतात ना, तिथला शेजारी, बर्लिनमधल्या निम्म्या दाढीवाल्यांसारखा कॉम्प्युटरवाला. स्वतःला एक टोमॅटो धड पिकवता येत नाही, पण जगाला शिकवायची भारी हौस.

तुम्हाला सांगतो, माझी बायको रोझविथा गेल्या हिवाळ्यात गेली. मी आयुष्यभर बस हाकली, आणि तिनं काय केलं, तर वसाहतीतल्या एकेका झाडावर इंटरनेटचं एकेक पान लिहिलं. हे सफरचंद कुणी लावलं, कलम कुठून आणलं, त्याच्या सावलीपायी कोण कुणाशी किती वर्षं बोललं नाही... सगळं. आणि पानाला पान जोडलेलं. आमच्या सफरचंदावर बोट ठेवा, वेंटबाईंच्या आलुबुखारावर पोचा, तिथून इंगोच्या चेरीवर. फार छान लिहायची हो. ती गेली, आणि ज्या कंपनीकडे ती पानं होती तिनंही दुकान बंद केलं.

थोर्बेन म्हणाला, "ऊवे, कंपनी हवीच कशाला? पानं आपल्या सगळ्यांच्या मशीनवर ठेवू, एकमेकांना पुरवू. पानाचा पत्ता मजकुरातूनच तयार होतो, एक स्वल्पविराम हलवलास तरी पत्ता बदलला. कुणी ढवळाढवळ करू शकत नाही, कुणी पुसू शकत नाही. एकदा जाळ्यात गेलं की हरवायचं नाव नाही."

हरवायचं नाव नाही! वार्षिक सभेत सगळ्यांनी हात वर केले, वेंटबाईंच्या डोळ्यांत पाणी, इंगो म्हणतो रोझविथा आमचीच होती, मी ठेवणार. आणि थोर्बेननं तिचा जुना कॉम्प्युटर स्वतः उचलून भंगारात नेऊन टाकला. म्हणे कशाला ती अडगळ.

मग मला म्हणतो, तूपण सरावाला एक पान लिही, काहीही लिही. आता काहीही म्हटल्यावर माणूस काय लिहिणार? मी वसाहतीच्या अध्यक्षावर लिहिलं, बाग माझ्या बागेला लागूनच. ल्युडेके. हा माणूस पट्टी घेऊन लोकांची झुडपांची कुंपणं मोजत फिरतो, झुडूप बोटभर वाढलं की नोटीस. रोझविथा दवाखान्यात होती तेव्हासुद्धा नोटीस धाडली यानं! मी लिहिलं, ल्युडेकेच्या बागेत शोभेला ठेवलेल्या मातीच्या बुटक्याला ल्युडेकेपेक्षा जास्त अक्कल आहे, शिवाय बुटका गप्प बसतो. आणि खाली सराव म्हणून रोझविथाच्या सफरचंदाची लिंक जोडली. दोन बिअर पोटात होत्या, खोटं कशाला बोलू. सकाळी म्हटलं, थोर्बेन, पुसून टाक बाबा. तर म्हणतो, "पुसता येत नाही. जो उघडतो त्याच्याकडे प्रत राहते." आणि उघडलं की सगळ्यांनी! पार लाइपत्सिगपर्यंत अनोळखी बागवाले पोट धरून हसतायत... हरवायचं नाव नाही.

पुढं आमच्या झाडाला सफरचंदं लागली, म्हटलं बघू तरी रोझविथानं काय लिहिलंय. लिंक दाबली. चक्र फिरतंय... फिरतंय... कॉफी गार झाली तरी फिरतंय. वेंटबाईंकडे गेलो. "अगंबाई, मला वाटलं इंगो ठेवतोय." इंगोकडे गेलो. "अरे, मशीन भरलं होतं, नातवाचे व्हिडिओ ठेवायचे होते, म्हणून थोडंसं काढलं... थोर्बेनकडे असेल की." थोर्बेनकडे गेलो. "मी लॅपटॉप बदलला ना. पण ऊवे, मला वाटलं निदान तू तरी ठेवली असशील, बायको तुझी." बायको माझी, पण माझ्याकडे नुसता फोन, त्यात काही राहत नाही, आणि तिचा कॉम्प्युटर भंगारात कुणी नेला, तुझ्या काकानं? बागेत येऊन त्या झाडाखाली खुर्ची टाकली आणि रडलो हो. ती दुसऱ्यांदा गेली असं वाटलं.

नंतर एकदा आपली सवय म्हणून पुन्हा लिंक दाबली, तर काय... उघडलं! सफरचंद, आलुबुखार, चेरी, सगळंच्या सगळं. थोर्बेन धावत आला, पुरवतंय कोण ते बघितलं. अख्ख्या जगात एकच मशीन. कुणाचं असेल? ल्युडेकेचं! बदनामी केली म्हणून त्यानं माझ्यावर तक्रार ठोकलीय, आणि वकिलानं सांगितलंय, पुरावा म्हणून ते पान ठेवा, त्याला जोडलेलं सगळं ठेवा, मशीन चालू ठेवा. खालच्या लिंकमधून एकेक पान करत अख्खी रोझविथा त्याच्याकडे गेली. मधे चक्र फिरत होतं, कारण साहेब मशीन बंद करून बाल्टिकच्या किनाऱ्यावर पाय बुडवायला गेले होते.

परवा मध्यस्थानं दोघांना समोरासमोर बसवलं. ल्युडेके म्हणाला, "यांनी माफी मागावी, मी तक्रार मागे घेतो आणि ती घाण, जोडलेल्या पानांसकट, मशीनवरून काढून टाकतो." थोर्बेन माझ्या कानाशी, "माग रे माफी, आता मी ठेवलीय प्रत, वेंटबाईंनी ठेवलीय, हरवायचं नाव नाही." मी त्याच्या दाढीकडे बघितलं. अहो, ज्यांनी डोळ्यांत पाणी आणून हात वर केले त्यांच्याकडे एक ओळ उरली नाही, आणि ज्याला माझं तोंड बघवत नाही त्यानं पानन्‌पान जपलंय. आता तुम्हीच सांगा, मी भरवसा कुणावर ठेवू?

मध्यस्थाला म्हटलं, माफी नाही.

आता कुंपण वाढू दिलंय, चांगलं खांद्याएवढं. काल ल्युडेके पट्टी घेऊन आला, तर त्याच्यादेखत त्याच्याच बागेतल्या त्या बुटक्याला कुंपणावरून वाकून म्हटलं, या अध्यक्षसाहेब. लालबुंद झाला, तणतणत आत गेला, दार आपटलं. मनात म्हटलं, असाच चिडलेला राहा बाबा, माझी बायको तुझ्याकडे आहे.