मनीला जुलाब

नांदेडच्या जनावरांच्या दवाखान्यात कस्तुराबाई शेळी धरून बसल्या होत्या, पण कान शेजारच्या नवराबायकोकडं होते. बाईच्या मांडीवर मांजर होतं.

“दूध तुम्हीच पाजलं. लागले न जुलाब मनीला?”

“वाटीभरच पाजलं, उज्ज्वला. कशी मलूल होऊन बघून राहिली.”

“डॉक्टर म्हणले, दूध बंद करा, पाणी पाजा अन् निवांत झोपू द्या. जवळ माणूस पाहिजे.”

“मग मी दोन दिवस रजाच टाकतो.”

“टाका. थांबा, लातूरच्या हॉस्टेलवरून ऋतुजाचा फोन आलाय. बोल गं. तुला बी जुलाब? मेसचं बाधलं असंल. गोळी घे अन् क्लासच्या टेस्टला बस. नीटची परीक्षा तोंडावर आली अन् झोपती काय? न्यायला कसं येणार? पप्पाला रजा कुठं भेटती?”