टोपलीतला चष्मा

मी, खाली सही करणारा, वय बावीस, शिक्षण आठवीपर्यंत, धंदा चष्म्याच्या दुकानात काचा घासणे, राहणार प्रार्थनाघरामागच्या गल्लीत आत्याकडे, समक्ष हजर राहून सांगतो की, हवालदारसाहेबांना जवळचे अक्षर लागत नसल्याने हा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

काल रविवारी सकाळी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होती. ज्याला बरे व्हायचे असेल त्याने दुखण्याची वस्तू पुढच्या टोपलीत टाकायची, अशी आमच्याकडे रीत आहे. काठ्या मावत नाहीत म्हणून चष्मेच जास्त पडतात. आत्याने टाकला. शेजारच्या शिंप्याने टाकला. आमेन झाल्यावर सगळ्यांनी डोळे उघडले. कोणालाच फारसा फरक दिसला नाही. पाळक म्हणाले, "विश्वास ठेवा, हळूहळू होईल." तेव्हा लोक हळूहळू टोपलीकडे गेले.

चष्म्यावाचून चष्मा शोधायचा असल्याने गोंधळ झाला. पाळक स्वतः पेटी वाजवणाऱ्या बाईंचा चष्मा लावून पायरी चुकले. लागले नाही. मी "एकेक जण या" असे म्हणालो, पण माझा आवाज लहान आहे.

आत्याने एक चष्मा लावून गीतांचे पुस्तक उघडले व ती ओरडली, "हालेलूया! अगं बाई, स्वल्पविरामसुद्धा दिसतोय!"

शिंपी म्हणाला, "मावशी, तो माझा चष्मा आहे."

"तुझा असता तर मला कसं दिसलं असतं?"

"तुम्ही खुशाल बऱ्या व्हा हो, पण स्वतःच्या चष्म्यात!"

शिंप्याने चोरीची तक्रार दिली. चष्म्याविना त्याची शिलाई बंद आहे. आत्या घरी जेवली नाही. "देवानं दिलेलं परत केलं तर तो पुन्हा देईल का रे?" असे तिने मला विचारले.

चष्मा शिंप्याचाच आहे. त्याची डावी काडी मीच बसवली होती. आत्याने चोरी केलेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहिल्या.

आत्ताच इथे चौकीत आत्याने आपण होऊन चष्मा काढून टेबलावर ठेवला. हा जबाब तपासायला हवालदारसाहेबांनी तो सहज नाकावर चढवला, इथपर्यंतचा मजकूर न अडखळता वाचला व ते खुर्चीतून उठले. "अरे, लागतंय की!"

आत्या शिंप्याला म्हणाली, "मोज. चष्मा एक, बरे झाले तिघं. आता बोल!"

शिंप्याने तक्रार मागे घेतली. त्याच नंबरचे आणखी दोन चष्मे करून देण्याचे मी कबूल केले आहे.

जबाब हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला, दोनदा, दुसऱ्यांदा केवळ हौसेने. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. शिंपी चष्म्यासाठी अजून बाकावर बसून आहे.